अंधारातील जीवसृष्टी आणि जीवाचा आरंभ



सध्या घरोघर वर्षाचे धान्य भरण्याची धांदल चालू आहे. तांदूळ ऊन दाखवून, कडुनिंबाचा पाला घालून, झाकण घट्ट लावून ठेवला तरी श्रावणात डबा उघडून पाहावे तो आत पोरकिडे फिरत असतात. ते आले कोठून? आत तर कोणी शिरले नव्हते. आपल्याकडील जुन्या लोकांनी या प्रश्नाचे उत्तर देऊन ठेवले होते. जरायुज, अंडज आणि उद्भिज्ज यांच्या जोडीला त्यांनी स्वेदज असा जीवांचा चौथा वर्ग मानला. घामातून, ओलाव्यातून, उबेतून आपोआप उपजणारे ते स्वेदज. यावरून पूर्वजांना हसण्याचे कारण नाही. ग्रीकांचा ॲरिस्टॉटलही हेच सांगत होता, आणि युरोपातील विद्वान त्याचा शब्द प्रमाण मानून दीडदोन हजार वर्षे चालले होते.

१६६८ साली फ्रान्चेस्को रेडी या इटालियन वैद्याने मांसाच्या भांड्यांवर जाळीदार कापड बांधून पाहिले. माशांना आत बसता आले नाही आणि आत अळ्या झाल्या नाहीत. पुढे १८६० च्या सुमारास लुई पाश्चर यांनी हंसाच्या मानेसारख्या वाकड्या नळीच्या चंबूत रस उकळून ठेवला आणि तो नासत नाही हे दाखविले. डोळ्यांना न दिसणारे जंतूदेखील जंतूंपासूनच होतात, हे त्यावरून ठरले. जीवापासूनच जीव होतो, हा सिद्धांत त्या दिवसापासून पक्का झाला.

आता याची मौज अशी की हा सिद्धांत जितका पक्का, तितका दुसरा एक प्रश्न अवघड. प्रत्येक जीव दुसऱ्या जीवापासून झाला, तर पहिला जीव कशापासून झाला? आज आम्हांला त्या पहिल्या जीवाविषयी बोलावयाचे आहे. त्याच्याकडे जाण्याची वाट मात्र जरा आडवळणाची आहे. ती समुद्राच्या तळावरून, आपल्या लोणारच्या तळ्यावरून आणि सोन्याच्या खाणीतून जाते. तेवढी पायपीट श्रोत्यांनी आमच्याबरोबर करावी अशी विनंती आहे.

समुद्रतळाची गोष्ट आधी सांगतो. १८४३ साली एडवर्ड फोर्ब्स या ब्रिटिश निसर्गशास्त्रज्ञाने असे मत मांडले की, तीनशे वाव खोलीच्या खाली समुद्रात जीव नाहीत. त्याने एजियन समुद्रात जाळी टाकून पाहिली होती आणि खोली वाढावी तसे प्राणी विरळ होत गेले होते. तेव्हा त्याने तीच रेघ पुढे ओढली. खाली अंधार, थंडी आणि पाण्याचा प्रचंड दाब. तेथे कोण राहणार? पुढे तारायंत्राच्या समुद्री तारा दुरुस्तीसाठी वर काढल्या, तेव्हा त्यांना प्रवाळ आणि इतर प्राणी चिकटलेले निघाले आणि ते मत बुडाले.

पण मग लंबक दुसऱ्या टोकाला गेला. १८५७ साली अटलांटिकच्या तळाचा काही चिखल काढून तो मद्यार्कात जपून ठेवलेला होता. १८६८ साली टॉमस हक्सले यांनी तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि त्यांना त्यात बुळबुळीत, जिवंत वाटणारा एक पदार्थ दिसला. सगळ्या जीवसृष्टीचे आदिद्रव्य ते हेच, सर्व समुद्रांच्या तळांवर याची साय पसरलेली असावी, अशी कल्पना निघाली. त्या पदार्थाला ‘बॅथिबिअस’ असे नावही ठेवण्यात आले. मग ‘चॅलेंजर’ नावाचे जहाज १८७२ ते १८७६ या काळात जगभर समुद्र तपासत फिरले. ताज्या चिखलात बॅथिबिअस काही सापडेना. १८७५ साली त्या जहाजावरील रसायनशास्त्रज्ञ ब्यूकॅनन यांनी उलगडा केला: समुद्राच्या पाण्यात मद्यार्क ओतला की जिप्समचा चिकट साका खाली बसतो, आणि आदिजीव म्हणून गाजला तो हा साका! हक्सले हे मोठ्या मनाचे गृहस्थ; त्यांनी आपले म्हणणे उघडपणे मागे घेतले. जीवाच्या आरंभाविषयी बोलताना ही कथा आम्ही नेहमी जवळ ठेवतो. जे सापडावे अशी आपली फार इच्छा असते, ते सापडलेच तर बाटलीत आधी काय होते हे पाहावे.

यानंतर बराच काळ या प्रश्नाच्या वाटेला फारसे कोणी गेले नाही. डार्विन यांनी १८७१ साली एका मित्राला लिहिलेल्या खाजगी पत्रात एखाद्या लहानशा कोमट डबक्यात आवश्यक ती द्रव्ये एकत्र येऊन जीव बनला असेल काय, अशी शंका बोलून दाखविली होती. पण ग्रंथात त्यांनी तो विषय वाढविला नाही. १९२४ साली रशियात ओपारिन यांनी आणि १९२९ साली इंग्लंडात जे. बी. एस. हाल्डेन यांनी तो धीटपणे मांडला. हे हाल्डेन म्हणजे आपल्यापैकी अनेकांना नावाने ठाऊक असलेले गृहस्थ. १९५७ साली ते इंग्लंड सोडून भारतात आले, येथले नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वर येथे वारले. त्यांचे म्हणणे असे की, आरंभीच्या पृथ्वीच्या हवेत मोकळा प्राणवायू नव्हता; सूर्याच्या अतिनील किरणांनी त्या हवेतील वायूंपासून साखरेसारखी आणि प्रथिनांच्या घटकांसारखी द्रव्ये बनली, आणि ती साठत जाऊन समुद्र म्हणजे एक पातळ कढत सारच झाले. १९५३ साली शिकागोस स्टॅन्ली मिलर या तरुण विद्यार्थ्याने प्रोफेसर यूरी यांच्या प्रयोगशाळेत मिथेन, अमोनिया, हायड्रोजन आणि पाण्याची वाफ एका काचेच्या यंत्रात कोंडली व त्यांतून आठवडाभर विजेच्या ठिणग्या उडविल्या. पाणी तांबूस झाले आणि त्यात ॲमिनो आम्ले, म्हणजे प्रथिनांच्या विटा, सापडल्या. जगभर टाळ्या पडल्या, आणि त्या योग्यच होत्या.

परंतु, श्रोतेहो, येथे आमची एक अडचण आहे. शिधा आला म्हणजे स्वयंपाक झाला असे कोणी गृहिणी म्हणणार नाही. तांदूळ, डाळ, मीठ, मसाला ओट्यावर मांडून ठेवला आणि वर्षभर वाट पाहिली तरी त्याची खिचडी होत नाही. चूल पेटावी लागते आणि ती पेटती राहावी लागते. जीव म्हणजे द्रव्यांचा ढीग नव्हे. जीव म्हणजे सतत चाललेला खर्च आणि तो भागविणारी सततची मिळकत. तेव्हा जीव कशाचा बनला, या प्रश्नाबरोबर पहिला जीव कशावर जगला, हाही प्रश्न विचारावयास हवा होता. तो फारसा विचारला गेला नाही, कारण त्याचे उत्तर सर्वांना माहीत आहे असेच सर्वांना वाटत होते. ऊन हे ते उत्तर. उन्हावर गवत, गवतावर गाय, गाईवर आपण. आणि खोल समुद्रातील प्राणी वरून गळणाऱ्या उष्ट्यावर. सूर्यावाचून संसार नाही.

ही समजूत १९७७ सालच्या फेब्रुवारीत हलली. दक्षिण अमेरिकेच्या पश्चिमेस गॅलापागोस बेटांजवळ समुद्राच्या तळाला एक लांब भेग आहे. तेथे पृथ्वीचे कवच दोन्ही बाजूंना सरकते आणि खालून तप्त खडक वर येतो. अशा ठिकाणी समुद्राच्या तळाशी गरम पाण्याचे झरे असले पाहिजेत, असे भूगर्भशास्त्रज्ञांचे गणित सांगत होते, आणि ते शोधावयास एक अमेरिकन तुकडी गेली होती. प्रथम त्यांनी एक कॅमेरा दोराने खाली सोडून तळावरून फिरविला. त्याने सुमारे तीन हजार चित्रे घेतली. बहुतेक सगळी काळ्या ओसाड खडकांची. एका जागी पाण्याची उष्णता क्षणभर वाढल्याची नोंद झाली, आणि नेमक्या त्या क्षणाच्या तेरा चित्रांत पांढरेशुभ्र शिंपले गर्दी करून बसलेले दिसले. पुढची चित्रे पुन्हा ओसाड.

दुसऱ्या दिवशी, १७ फेब्रुवारीस, ‘अल्विन’ नावाच्या लहानशा पाणबुडीतून तीन माणसे अडीच किलोमीटर खाली उतरली. तेथे पाण्याचा दाब आपल्या हवेच्या अडीचशे पट असतो, आणि दिव्याचा झोत जाईल तेवढेच दिसते. झोतात त्यांना दिसले ते असे: खडकाच्या फटींतून कोमट, थरथरणारे पाणी वर येत आहे, आणि त्याच्या भोवती वीतभर लांबीचे शिंपले, पांढरे खेकडे, कोळंबी, आणि नंतरच्या फेऱ्यांत तर पांढऱ्या नळ्यांतून लालभडक तुरे बाहेर काढून डोलणाऱ्या किड्यांचे बनच्या बन. काही किडे माणसाच्या उंचीहून लांब. वाळवंटात चालता चालता अकस्मात भरलेला आठवडी बाजार लागावा तसा तो प्रकार होता.

गंमत अशी की त्या तुकडीत एकही प्राणिशास्त्रज्ञ नव्हता. दगड पाहावयास गेलेल्या मंडळींनी प्राणी जपून ठेवण्याची सामग्री ती काय नेलेली असणार! फॉर्मॅलिन अगदी थोडे होते. शेवटी पनामात विकत घेतलेली रशियन व्होडका कामी आली. मद्यार्काने एकदा नसलेला जीव निर्माण केला होता. या खेपेस त्याने असलेले जीव राखले, असे म्हणावयास हरकत नाही. तेथील पाण्याचे नमुने वर आणून उघडले तेव्हा जहाजभर नासक्या अंड्यांची घाण सुटली. आपल्यापैकी जे विहिरीचा जुना गाळ काढताना जवळ उभे राहिले असतील त्यांना ती परिचित असेल. तो हायड्रोजन सल्फाइड हा वायू, माणसाला विषारी. आणि हाच त्या बाजाराचा शिधा निघाला.

कसे ते सांगतो, कारण तो प्रसंग व्याख्यानातलाच आहे. तो नळीतला किडा वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेतील मेरेडिथ जोन्स यांनी चिरून पाहिला. त्याला तोंड नव्हते, जठर नव्हते, आतडे नव्हते, गुदद्वारही नव्हते. मग हा खातो कसा? त्याच्या अंगात एक मोठा स्पंजासारखा मऊ अवयव होता, आणि त्यात गंधकाचे कण सापडत. १९८० साली जोन्स हार्वर्ड विद्यापीठात हे सारे सांगत असता कॉलीन कॅव्हॅनॉ नावाची एक विद्यार्थिनी, तिचे ते पदव्युत्तर शिक्षणाचे पहिलेच वर्ष, मध्येच उठली. तिने सांगितले की या अवयवात जंतू असले पाहिजेत. गंधकाच्या वायूवर जगणारे जंतू, आणि तेच या किड्याला पोसत असले पाहिजेत. जोन्स यांनी तिला तपासावयास नमुना दिला. तिचे म्हणणे खरे ठरले आणि १९८१ साली ते प्रसिद्ध झाले. व्याख्यानात मध्येच उठणाऱ्या श्रोत्याकडे अध्यक्षांनी नेहमीच रागाने पाहू नये, एवढे आम्ही येथे सुचवून ठेवतो.

या किड्याचा संसार पाहण्यासारखा आहे. त्याचा लाल तुरा रक्ताने लाल आहे. आपल्या रक्तात असते त्याच जातीचे लाल द्रव्य. पण हायड्रोजन सल्फाइड आपल्या अंगात गेला तर पेशींचा श्वास कोंडतो, आणि या किड्याच्या रक्तात मात्र प्राणवायू एका जागी व हा विषारी वायू दुसऱ्या जागी बांधून दोन्ही आत नेण्याची सोय आहे. आतल्या जंतूंना दोन्ही पोचते होतात. जंतू त्यांचा संयोग करून शक्ती मिळवितात, त्या शक्तीवर कर्बाम्लवायूपासून अन्न बनवितात, आणि घरधनी त्यावर जगतो. झाडाच्या पानात ऊन जे काम करते ते येथे गंधक करतो. असे जंतू जगात आहेत हे रशियाच्या विनोग्राडस्की यांनी १८८७ सालीच ओळखले होते. पण त्यांच्या जिवावर एवढा थोरला संसार उभा राहू शकतो ही कल्पना कोणाला नव्हती. आणि संसार दरिद्रीही नव्हे. नव्या झऱ्यावर वसती करून दोन वर्षांच्या आत हे किडे दीड मीटर लांब वाढलेले पाहण्यात आले आहेत.

येथे थोडे सावध राहिले पाहिजे. ‘सूर्यावाचून चालणारी सृष्टी’ असे या झऱ्यांचे वर्णन वारंवार वाचावयास मिळते. ते पुरते खरे नाही. किड्याच्या तुऱ्याने घेतलेला प्राणवायू समुद्राच्या पाण्यात विरघळलेला असतो आणि तो मुळात वरच्या वनस्पतींनी उन्हातच बनविलेला असतो. तेव्हा लाल तुऱ्याचा किडा हा आदिजीवाचा नमुना नव्हे; तो बराच अलीकडचा रहिवासी आहे. आदिजीवाचा वास घ्यावयाचा तर प्राणवायूही न लागणारे जंतू पाहिले पाहिजेत, आणि तेही त्याच झऱ्यांत आहेत. हायड्रोजन आणि कर्बाम्लवायू यांच्यापासून मिथेन बनविणे एवढ्यावर त्यांचा निर्वाह चालतो. त्यांना ना ऊन लागते, ना उन्हाने केलेली कोणतीही वस्तू.

योगायोग असा की त्याच १९७७ साली, समुद्राशी काडीचाही संबंध नसलेल्या इलिनॉय विद्यापीठात, कार्ल वूस हे या मिथेनवाल्या जंतूंची वंशावळ तपासत होते. त्यांना आढळले की हे जंतू नेहमीच्या जीवाणूंचे भाऊबंदच नव्हेत. त्यांचे घराणेच निराळे. त्या घराण्याला आज आर्किया म्हणतात. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणारच्या तळ्याचे पाणी २०२० सालच्या जूनमध्ये गुलाबी झाले तेव्हा कोणी काही तर्क केले, कोणी काही. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासले आणि रंग याच घराण्यातील, दाट मिठात राहणाऱ्या जंतूंचा निघाला. पाऊस लांबून पाणी आटले, मीठ वाढले, आणि एरवी गुपचूप असणारे ते जंतू माजले. अशा खाऱ्या आणि अल्कधर्मी पाण्यात मासा जगत नाही. यांना तेच मानवते.

उष्णतेचेही तसेच. वज्रेश्वरीच्या कुंडात पाय बुडविताना आपण चटकन मागे घेतो. अमेरिकेतील यलोस्टोनच्या त्याहून कढत झऱ्यांत टॉमस ब्रॉक यांना १९६६ च्या सुमारास सत्तर अंशांवर सुखाने वाढणारा जंतू सापडला. त्याचे ‘थर्मस ॲक्वाटिकस’ हे नाव आम्ही पाठ करावयास सांगत नाही, पण त्याचे ऋण आपण सर्वांनी घेतलेले आहे. उष्णतेला न डगमगणारे त्याचे एक द्रव्य वापरून जनुकांच्या लाखो प्रती काढण्याची युक्ती निघाली, तिला १९९३ साली नोबेल पारितोषिक मिळाले, आणि करोनाच्या साथीत नाकात काडी घालून केलेल्या तपासण्या त्याच युक्तीने झाल्या. आजवरचा उच्चांक मात्र हिंदी महासागराकडे आहे. त्याच्या तळाच्या ‘कैरेई’ नावाच्या झऱ्यांतून आणलेला एक मिथेन बनविणारा जंतू प्रचंड दाबाखाली १२२ अंश सेल्सिअसवर वाढतो, असे जपानी संशोधकांनी २००८ साली दाखविले. आपण दूध निर्जंतुक करावयास जे करतो ते याच्या दृष्टीने गारठा होय.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. पहिला जीव अशाच झऱ्यापाशी झाला असेल काय? अल्विनमधून पहिल्यांदा खाली गेलेल्या तिघांपैकी जॅक कॉर्लिस यांनी आणखी दोघांबरोबर १९८१ सालीच तसे सुचविले. पण १९७९ मध्ये मेक्सिकोजवळ जे झरे सापडले ते ३५० अंशांहून कढत, काळा धूर ओकणाऱ्या धुराड्यांसारखे होते. तेव्हा ठिणग्यांच्या प्रयोगाचे तेच मिलर पुढे आले आणि म्हणाले की एवढ्या आचेवर नाजूक द्रव्ये बनण्याऐवजी मोडतील. त्यांचा आक्षेप आम्हांस सयुक्तिक वाटतो. खिचडीला आच हवी हे खरे, पण भट्टीत घालून ती होत नाही.

मंद आचेची चूल २००० सालच्या डिसेंबरात मिळाली. अटलांटिकच्या मध्यावर, एका बुडालेल्या डोंगराच्या माथ्याजवळ, पांढऱ्या दगडी मनोऱ्यांचे एक नगरच दिसले. एक मनोरा तर साठ मीटर उंच. ‘हरवलेले शहर’ असेच त्याचे नाव पडले. येथे ज्वालामुखीची आच नाही. पृथ्वीच्या पोटातला हिरवट खडक आणि समुद्राचे पाणी यांचा संयोग होऊन उष्णता आणि हायड्रोजन निर्माण होतो. पाणी चाळीस ते नव्वद अंशांचे आणि चुन्याच्या निवळीसारखे अल्कधर्मी. हा उद्योग तेथे निदान तीस हजार वर्षे चालू आहे. असे झरे असतील आणि त्यांतच जीवाचा आरंभ झाला असेल, असे ग्लासगोचे मायकेल रसेल हे भूशास्त्रज्ञ ते सापडण्याच्या दहा वर्षे आधीपासून सांगत होते.

रसेल यांच्या म्हणण्यातील खुबी समजण्यासाठी धरणाकडे पाहावे. कोयनेचे पाणी भिंतीआड उंच अडविलेले असते. ते खाली उतरताना चक्र फिरविते आणि वीज होते. आपल्या प्रत्येक पेशीत असेच एक इवलेसे धरण आहे, हे पीटर मिचेल यांनी १९६१ साली सांगितले. प्रथम त्यांना वेड्यात काढण्यात आले आणि १९७८ साली नोबेल देण्यात आले. पाण्याच्या जागी हायड्रोजनचे भारित कण, भिंतीच्या जागी एक पातळ पापुद्रा. एका बाजूला कणांची दाटी, दुसऱ्या बाजूला विरळी, आणि मध्ये खरोखरच फिरणारे चक्र. बुरशीपासून बॅरिस्टरपर्यंत सर्वांच्या पेशींत शक्ती साठविण्याची हीच रीत. आता पाहा: आरंभीचा समुद्र कर्बाम्लवायूमुळे आम्लधर्मी होता, आणि या झऱ्यांचे पाणी अल्कधर्मी. झऱ्याच्या मनोऱ्यात बारीक बारीक पोकळ्या, त्यांच्या पातळ भिंतींच्या एका अंगाला आम्ल, दुसऱ्या अंगाला अल्क. म्हणजे कोणी न बांधलेले धरण आधीच भरलेले! पहिल्या जीवाला आयते मिळाले ते अन्न नव्हे, तर वाहता ओघ. पुढे त्याने आपली भिंत आपण बांधली आणि तो तेथून बाहेर पडला, असे हे मत आहे.

मत सुंदर आहे, म्हणूनच ते तपासून घेतले पाहिजे. बॅथिबिअसही सुंदर होता. याला मुख्य आक्षेप पाण्याचाच आहे. प्रथिनांच्या आणि जनुकद्रव्याच्या साखळ्या जुळताना पाणी बाहेर पडावे लागते. भर समुद्रात त्या जुळण्यापेक्षा सुटण्याकडेच कल असतो. म्हणून कॅलिफोर्नियाचे डेव्हिड डीमर आदी शास्त्रज्ञ म्हणतात की आरंभ जमिनीवरच्या गरम कुंडांच्या काठी झाला असावा. काठ भिजतो, वाळतो, पुन्हा भिजतो. वाळताना साखळ्या जुळतात. शिवाय आपल्या पेशींत पोटॅशियम अधिक आणि सोडियम कमी, समुद्रात मात्र उलट. हेही त्यांच्या बाजूचे आहे. ऑस्ट्रेलियातील सुमारे साडेतीन अब्ज वर्षांपूर्वीच्या खडकांत जीवांच्या खुणा सापडतात, आणि त्यांतले काही खडक जमिनीवरच्या गरम झऱ्यांचे आहेत असे २०१७ साली दाखविण्यात आले. डार्विन यांचे डबके अशा रीतीने मागच्या दाराने पुन्हा घरात आले आहे. शिधा वरून पडला असेल, यालाही पुरावा आहे: १९६९ साली ऑस्ट्रेलियात मर्चिसन येथे पडलेल्या उल्केत ॲमिनो आम्ले निघाली. कोणता पक्ष जिंकेल ते प्रयोगांनी ठरेल. आमच्या मते दोन्ही पक्षांनी एक गोष्ट मात्र आता मान्य केली आहे, ती ही की शिधा दाखवून भागत नाही. चूल दाखवावी लागते. हे वळण समुद्राच्या तळावरच्या त्या बाजाराने लावले.

चूल जमिनीच्या पोटातही आहे. दक्षिण आफ्रिकेतील म्पोनेंग या सोन्याच्या खाणीत २.८ किलोमीटर खोलीवर खडकाच्या भेगेतील पाण्यात एकाच जातीचा जंतू जवळजवळ एकटा राहत असलेला सापडला. त्याची हकीकत २००८ साली प्रसिद्ध झाली. तेथे खडकातले युरेनियम आपल्या किरणांनी पाणी फोडते, त्यातून हायड्रोजन निघतो, आणि त्या मिळकतीवर हा एकटा आपले सारे भागवितो. शेजार नाही, सण नाही, ऋतू नाही. तेथल्याच दुसऱ्या एका खाणीत १.३ किलोमीटर खोलीवर अर्ध्या मिलिमीटरचा एक कृमी २०११ साली मिळाला, तो जंतूंवर चरणारा. आपल्या कोयनेलाही भूकंपांच्या अभ्यासासाठी खोल विंधणे घेतली गेली. दख्खनच्या काळ्या दगडाखालून काढलेल्या खडकांत, एक किलोमीटरपेक्षाही खोल, जंतूंचे अस्तित्व खरगपूरच्या संशोधकांनी २०१८ साली दाखविले. ज्या सह्याद्रीच्या दगडाला आपण निर्जीव म्हणून पायरीला लावतो, त्याच्या मुळाशी वस्ती आहे.

शेवटी कैरेईच्या झऱ्यांकडे परत जाऊ, कारण तेथे आपला प्रत्यक्ष संबंध येतो. २००१ साली तेथे एक गोगलगाय सापडली. तिच्या पायावर कौलांसारखी खवले आहेत आणि त्यांवर लोखंड व गंधक यांच्या संयुगाचा मुलामा आहे. लोखंडी चिलखत घातलेला असा दुसरा प्राणी माहीत नाही. तिची खवले लोहचुंबकाला चिकटतात. तीही तोंडाने फारसे खात नाही, अन्ननळीजवळच्या एका पिशवीत जंतू पाळते. २०१९ साली जगातील संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत तिचे नाव घालण्यात आले, आणि खोल समुद्रातील खाणकामाचा धोका या कारणासाठी यादीत आलेला तो पहिला प्राणी. तोवर तिची तीन ठिकाणे माहीत होती. तिन्ही मिळून क्षेत्र सुमारे पाच एकर. त्यांतली दोन ठिकाणे खनिजांच्या शोधाचे परवाने दिलेल्या टापूंत येत होती.

कारण असे की या झऱ्यांभोवती तांबे, जस्त, सोने, चांदी यांचे साठे बसतात. २०१६ साली भारतानेही हिंदी महासागराच्या तळावरील दहा हजार चौरस किलोमीटर क्षेत्रात अशा खनिजांचा शोध घेण्याचा करार केला आहे. परवाना शोधाचा आहे, खणण्याचा नव्हे. देशाला तांबे लागते आणि ते कोठून तरी काढावे लागणार, हे आम्ही नाकारीत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये चेन्नईच्या व गोव्याच्या आपल्या संस्थांनी साडेचार किलोमीटर खोलीवरच्या एका वाहत्या झऱ्याचे चित्र घेतले. शोधाचे हे काम आता आपल्या माणसांच्या हातात आहे, याचा आम्हांला अभिमान वाटतो. आमचे मागणे एवढेच की पुढच्या प्रत्येक फेरीत दगड मोजणाऱ्यांच्या शेजारी एक प्राणिशास्त्रज्ञ बसावा आणि त्याच्या हाताशी फॉर्मॅलिन पुरेसे असावे. १९७७ साली जहाजावर व्होडका होती, म्हणून भागले.